एकेक रंग वेगळा काढून बघा : मळवलीच्या दगडापासून गोंडपिपरीच्या फोटो स्टुडिओपर्यंत

कानात हेडफोन असतील तर छानच, आणि बसमध्ये बसून नुसतं वाचत असाल तरी काही बिघडत नाही. आजचा भाग इतिहासाचा आहे. त्यात एक राजा येणार आहे, पण तो तलवारवाला नाही, कुंचल्यावाला. आणि सुरुवात होणार आहे आमच्या गोंडपिपरीतल्या एका फोटो स्टुडिओत, मे महिन्याच्या दुपारी.

चंद्रपूर जिल्ह्यातला मे महिना म्हणजे काय, हे इकडच्यांना सांगायला नको. आणि बाहेरच्यांना सांगून पटत नाही. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. अशा दुपारी मी आणि माझी आत्या स्टुडिओत बसलो होतो. आजोबांची तेरवी दुसऱ्या दिवशी होती. त्यांचा नीट असा एकच फोटो होता, तोही माझ्या मोबाईलमधला. धानाच्या बांधीवर उभे, डोक्याला शेला, डोळे थोडे बारीक केलेले. तो मोठा करून फ्रेम करायचा होता.

प्रिंट बाहेर आली. आत्याने हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "काहून असा हिरवा दिसून राहिला बाप्पा? माझा बाप असा नव्हता जी."

खरंच, आजोबा हिरवट दिसत होते. आजारी माणसासारखे. शेजारी बसलेल्या एका गिऱ्हाइकाने लगेच सल्ला दिला, "भाऊ, थोडा गोरा करून द्या न, बरा दिसेल." स्टुडिओवाले भाऊ मात्र कॉम्प्युटरकडे वळलेच नाहीत. ते म्हणाले, "थांबा जी. चेहऱ्याला हात लावायच्या आधी मशीन पाहू. एकेक रंग वेगळा काढून पाहतो."

मंडळी, "एकेक रंग वेगळा काढून पाहतो" हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. नंतर शोधायला लागलो तेव्हा कळलं की महाराष्ट्रातल्या छापखान्यांत या वाक्याला सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. तोच आज सांगतो. आजोबांच्या फोटोचं काय झालं, ते शेवटी.

आधी एक छोटा प्रयोग

घरी रंगीत वर्तमानपत्र येत असेल तर त्याच्या पानाची कड बघा. समासात किंवा घडीजवळ बारीक रंगीत ठिपके किंवा चौकोन दिसतील. एक निळसर, एक गुलाबी, एक पिवळा, एक काळा. आपण इतकी वर्षं पेपर वाचतो, पण त्यांच्याकडे कधी लक्ष देत नाही. ते ठिपके वाचकांसाठी नसतातच. ते मशीनवर उभ्या असलेल्या माणसासाठी असतात. चारही रंग येत आहेत का, आणि एकावर एक नेमके बसत आहेत का, हे त्याला चालत्या मशीनवर बघायचं असतं. रंग सरकले की छापखान्यात म्हणतात, "रजिस्टर आउट झालं." मग फोटोतल्या पुढाऱ्याला दोन-दोन ओठ येतात.

हे चार रंग म्हणजे सायन, मॅजेन्टा, यलो आणि ब्लॅक. पांढऱ्या कागदावर सगळे रंग यांच्याच मिश्रणातून तयार होतात. ही कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला याकोब क्रिस्तोफ ल ब्लाँ नावाच्या कारागिराने निळा, पिवळा आणि लाल अशा तीन पत्र्यांवरून रंगीत चित्रं छापली. १८६१ साली मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने एकाच रंगीत फितीचे तीन वेगवेगळ्या काचांतून फोटो काढवून घेतले आणि ते एकत्र करून रंगीत चित्र दाखवलं. काही वर्षांनी फ्रान्समध्ये द्युको द्यु ओरोंने कागदावरच्या रंगीत फोटोची पद्धत मांडली. सगळ्यांचं सूत्र एकच होतं : रंग आधी वेगळे करा, मग पुन्हा एकत्र आणा.

आणि एकदा वेगळे केले की प्रत्येक रंग वेगळा तपासावाच लागतो. तिथूनच आपली गोष्ट सुरू होते.

दगडावरची छपाई

१७९६ च्या सुमाराला जर्मनीत सेनेफेल्डर नावाच्या माणसाने लिथोग्राफी शोधली. यात एका खास चुनखडी दगडावर तेलकट शाईने चित्र काढतात. दगड ओला केला की पाणी कोऱ्या जागेवर राहतं आणि छपाईची शाई फक्त तेलकट रेघांना चिकटते. मग कागद दाबला की चित्र उमटतं. तेल आणि पाण्याचं वैर, त्यावर चाललेला धंदा!

मुंबईत हे तंत्र आलं तेव्हा गणपत कृष्णाजी या गृहस्थांनी ते बघून शिकून घेतलं आणि स्वतः खटाटोप करून छापखाना उभा केला. १८३१ साली त्यांनी मराठी पंचांग छापलं. पुढे १८७८ मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि सहकाऱ्यांनी चित्रशाळा छापखाना काढला, आणि देवादिकांची रंगीत चित्रं मराठी घरांच्या भिंतींवर पोहोचायला लागली.

गंमत म्हणजे त्याच १८७८ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले हा शास्त्रज्ञ एक वेगळाच प्रश्न सोडवत होता : नळातून पडणारी पाण्याची बारीक धार तुटून तिचे थेंब का होतात? आणि १८८० मध्ये पॅरिसमध्ये क्युरी बंधूंनी दाखवलं की काही स्फटिकांवर दाब दिला की वीज तयार होते. पुण्यातला चित्रशाळेचा कारागीर, इंग्लंडमधले रॅले आणि पॅरिसचे क्युरी यांची एकमेकांशी काही ओळख नव्हती. पण गोंडपिपरीच्या त्या प्रिंटरच्या पोटात हे तिन्ही धागे एकत्र आलेले आहेत. कसे ते सांगतो, पण आधी आपला राजा.

घाटकोपर ते मळवली

राजा रविवर्मा यांची तैलचित्रं राजवाड्यांत लागायची. एका चित्राचा एकच मालक. ती घराघरांत जावीत म्हणून त्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना सुरू केला. मशीन जर्मनीहून आणलं आणि कारागीरही तिकडून आले. पहिलं छापील चित्र होतं शकुंतलेच्या जन्माचं. पुढे मुंबईत प्लेगने थैमान घातलं आणि १८९९ च्या सुमाराला छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला गेला. नंतर तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेऊन चालवला. तिथून निघालेल्या लक्ष्मी आणि सरस्वती आजही कित्येक देवघरांत आहेत.

आता बघा, असं एक चित्र छापायला एक दगड पुरत नव्हता. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. कधी दहा-बारा, कधी त्याहून जास्त. एक दगड पिवळ्याचा, एक फिकट निळ्याचा, एक गडद निळ्याचा, आणि अंगाच्या कांतीसाठी फिकट गुलाबी वेगळा. चित्रकाराच्या मूळ चित्राकडे बघून दगडावर काम करणाऱ्या माणसाला मनातल्या मनात रंग सुटे करावे लागायचे. या साडीच्या जांभळ्यात निळा किती, लाल किती? गालाच्या सावलीत पिवळा कुठपर्यंत?

मग यायची तपासणीची पाळी. क्रोमोलिथोग्राफीची पद्धतच अशी होती की आधी प्रत्येक दगडाचं सुटं प्रूफ काढायचं. नुसतं पिवळं. नुसतं लाल. मग पिवळ्यावर लाल, त्यावर निळा, अशी चढत्या क्रमाने प्रूफं. अंतिम चित्रात लक्ष्मीचा चेहरा काळवंडला असेल तर दहा दगडांपैकी गुन्हेगार कोण हे पूर्ण चित्र बघून कळत नाही. सुट्या प्रूफांची चळत पुढे ठेवली की कळतं.

आमच्या भाऊंनी केलं ते हेच. फक्त त्यांच्याकडे दहा दगडांच्या जागी सहा टाक्या होत्या.

फाळके आणि तीन रंगांचं वेड

या छापखान्याशी आणखी एक मराठी माणूस जोडलेला आहे, आणि तुम्ही त्यांना वेगळ्याच कारणासाठी ओळखता. धुंडिराज गोविंद फाळके. हो, दादासाहेब फाळके! सिनेमाच्या आधी ते छपाईवाले होते. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन इथे शिकले, फोटोग्राफी केली, ब्लॉक बनवणं शिकले आणि रविवर्मा छापखान्यासाठीही काम केलं. १९०८ च्या सुमाराला त्यांनी स्वतःचा छापखाना काढला, तो पुढे लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स म्हणून चालला. रंगीत छपाईचं नवं तंत्र आणि यंत्र बघायला १९०९ मध्ये ते जर्मनीला गेले.

तोवर तंत्र बदललं होतं. रंग सुटे करायचं काम माणसाच्या नजरेऐवजी कॅमेरा करू लागला होता. रंगीत काचांतून एकाच चित्राचे तीन फोटो घ्यायचे आणि त्यांचे बारीक ठिपक्यांचे तीन ब्लॉक बनवायचे. दहा दगडांचं काम तीन ब्लॉकांवर आलं. पण मंडळी, त्याने तपासणी सुटली नाही, उलट कडक झाली. दहांतला एक दगड थोडा चुकला तर निभावून जायचं. तिनांतला एक चुकला तर सगळं चित्र गेलं.

भागीदारांशी मतभेद होऊन फाळके त्या धंद्यातून बाहेर पडले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

शाईचा थेंब

आता उडी मारूया १९७७ मध्ये. जपानमधल्या कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत एक तापलेला सोल्डरिंग गन चुकून शाई भरलेल्या सुईला लागला. सुईच्या टोकातून शाईचा थेंब फट्कन उडाला. इचिरो एंडो या संशोधकाच्या डोक्यात दिवा पेटला : उष्णतेने शाईत बुडबुडा करा, तो थेंबाला बाहेर ढकलेल. जवळपास त्याच काळात अमेरिकेत एचपी कंपनीही स्वतंत्रपणे याच वाटेवर होती, आणि १९८४ मध्ये तिचा थिंकजेट बाजारात आला.

एप्सनने दुसरी वाट धरली. क्युरी बंधूंचा स्फटिक आठवतो? दाब दिला की वीज. याचं उलटही खरं आहे. वीज दिली की तो किंचित आकार बदलतो. त्या हालचालीने शाई ढकलायची आणि थेंब पाडायचा. थेंब धारेतून कसा सुटतो, याचा हिशोब रॅलेने मांडून ठेवलाच होता. १९९४ मध्ये एप्सनचा स्टायलस कलर आला आणि टेबलावरचा प्रिंटर फोटोसारखं काहीतरी छापू लागला.

"फोटोसारखं" म्हणतोय, कारण चार रंगांत एक अडचण होती. चेहऱ्यावरच्या उजळ भागात मॅजेन्टाचे ठिपके विरळ पडायचे आणि गालावर गुलाबी रवा सांडल्यासारखा दिसायचा. म्हणून आणखी दोन शाया आल्या : लाईट सायन आणि लाईट मॅजेन्टा. गंमत बघा, शंभर वर्षांनी आपण परत मळवलीच्या दगडांकडे गेलो. कांतीसाठी फिकट गुलाबी वेगळा!

आज तालुक्याच्या गावांतल्या स्टुडिओंमध्ये जो टाकीवाला फोटो प्रिंटर असतो, त्यात बहुधा याच सहा शाया असतात. थेंब किती लहान? काही मॉडेल्समध्ये दीड पिकोलिटर. एक पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा एक लाख कोटीवा भाग. इतक्या बारीक भोकातून शाई जाते, आणि बाहेर आमचा मे महिना! दोन दिवस मशीन बंद राहिली की शाई भोकाच्या तोंडाशी वाळते. स्टुडिओवाल्यांचं अर्धं आयुष्य त्यातच जातं.

भाऊंनी नक्की काय केलं?

इथे जरा नीट लक्ष द्या, कारण घरी प्रिंटर असेल तर उद्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, नोझल चेक. प्रिंटर स्वतःच प्रत्येक रंगाच्या बारीक तुटक रेघा छापतो. एखादी रेघ गायब असेल तर ते भोक बंद. यात पिवळा फसवतो, कारण पांढऱ्या कागदावर तो नीट दिसतच नाही. यावर युक्ती आहे. मोबाईलच्या स्क्रीनवर गडद निळं चित्र लावा आणि अंधारात त्या उजेडात कागद बघा. पिवळ्या रेघा काळपट दिसतात आणि तुटलेली जागा लगेच सापडते.

भाऊंचा नोझल चेक मात्र व्यवस्थित आला. सगळ्या रेघा जागेवर. मी म्हटलं, "मग मशीन ठीक आहे न?" ते म्हणाले, "नाही जी. रेघेला शाई लागतेच किती? खरी परीक्षा भरीव पट्ट्याची."

म्हणून दुसरी गोष्ट : प्रत्येक रंगाचा भरीव पट्टा. पण तो साध्या फोटोच्या सॉफ्टवेअरमधून जमत नाही. तुम्ही स्क्रीनवर शुद्ध गुलाबी चौकोन काढून प्रिंट दिली तरी प्रिंटरचा ड्रायव्हर स्वतःच्या हिशोबाने दोन-तीन शाया मिसळतो. म्हणजे ज्याची साक्ष काढायची, तोच साक्षीदार बदलून येतो. भाऊंकडे एक छोटं सॉफ्टवेअर होतं, जे रंग न मिसळता एकेका टाकीची शाई वेगळी सोडतं. त्यांनी सहा पट्टे काढले.

पाच पट्टे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखे. सहावा, लाईट मॅजेन्टा, सुरुवातीला बरोबर आणि खाली जाता जाता फिका, आणखी फिका, शेवटी जवळपास पांढरा. भोकं उघडी होती, पण नळीत हवा शिरल्यामुळे शाईचा पुरवठा कमी पडत होता. थोड्या शाईच्या कामाला पुरत होता, मोठ्या फोटोला नाही. फिका गुलाबी कमी झाला की चेहऱ्यात हिरवट उरतो. आजोबांचं दुखणं सापडलं!

तिसरी गोष्ट पैशांची. साधं हेड क्लीनिंग दिलं असतं तर सहाही रंगांची शाई ओढून वाया गेली असती. दुखणं एका रंगाचं आहे हे कळल्यामुळे भाऊंनी फक्त त्या एकाचेच पट्टे परत परत काढले, हवा निघून जाईपर्यंत. छोट्या गावातल्या छोट्या धंद्यात पाच टाक्यांची शाई वाचणं ही लहान गोष्ट नाही.

बरोबर चेहरा कोणाचा?

पण मंडळी, "गोरा करून द्या न" हे वाक्य अजून तिथेच आहे. त्याचाही इतिहास आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या लॅबना एक नमुना-फोटो पाठवायची. त्यात एक गोरी बाई असायची. तिला 'शर्ली' म्हणायचे, आणि त्या कार्डाला 'शर्ली कार्ड'. शर्लीचा चेहरा बरोबर आला की मशीन बरोबर, असा नियम. मग सावळ्या माणसाचा फोटो काळाठिक्कर आला तर? मशीन तर बरोबर आहे! म्हणजे चूक माणसाच्या रंगाची. फिल्म सुधारण्यासाठी जोर कुठून लागला, माहितीये? गडद रंगाचे बारकावे जाहिरातीत येत नाहीत अशी चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी तक्रार केली होती, असं कोडॅकच्या माजी माणसांनी नंतर सांगितलं. वेगवेगळ्या वर्णांच्या बायकांचे चेहरे एकत्र असलेलं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडलं.

आपणही फार वेगळे नव्हतो. भिंतीवरच्या छापील देव्या बहुतेक गोऱ्या आणि गुलाबी गालांच्या. पिढ्यान्‌पिढ्या त्याच पाहिल्यामुळे "चांगला फोटो" म्हणजे उजळ फोटो, हे आपल्या डोळ्यांत पक्कं झालं. आज मोबाईलचं फिल्टर न विचारता चेहरा उजळ करतं आणि आपण त्याला "क्लिअर आला" म्हणतो.

रंगाच्या सुट्या पट्ट्यात चेहराच नसतो. ना शर्लीचा, ना देवीचा, ना आजोबांचा. फक्त शाई असते, आली किंवा नाही आली. म्हणून ही तपासणी आधी करायची. मशीनमधली चूक मशीनमध्ये सापडली की ती झाकायला माणसाचा चेहरा बदलावा लागत नाही. त्या दिवशी भाऊंनी स्क्रीनवरच फोटो उजळ केला असता तर हिरवट छटा दबली असती, आम्ही कदाचित पैसे देऊन निघूनही आलो असतो. आणि भिंतीवर कोणीतरी दुसराच माणूस लागला असता.

आणि आजोबा

चौथ्या खेपेला पट्टा वरपासून खालपर्यंत सारखा आला. भाऊंनी फोटो पुन्हा सोडला. तसाच, मोबाईलमधून आला होता तसा. कागद हळूहळू बाहेर सरकत होता. आधी आभाळ, मग शेला, मग कपाळ.

आत्या उठून मशीनजवळ जाऊन उभी राहिली. आजोबांचा रंग आमच्याकडच्या मातीसारखा होता. उन्हात साठ-पासष्ट वर्षं धान लावून माणसाचा होतो तसा. गालाच्या हाडावर तांबूस चमक, मानेजवळ गडद. फोटोत ते सगळं होतं.

"हा," ती म्हणाली, "हा आहे माझा बाप."

भाऊंनी पहिल्या हिरव्या प्रिंटचे पैसे घेतले नाहीत. पट्ट्यांचा कागद मी मागून घेतला. तो आता माझ्या वहीत आहे : पाच पट्टे पूर्ण आणि एक विरत गेलेला.

तर मंडळी, यावेळचं घरचं काम. उद्याच्या पेपरच्या कडेला ते चार ठिपके शोधा आणि सापडले की घरातल्यांना दाखवा. आणि मोबाईलमध्ये घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो पडून असतील तर त्यांतला एक तरी ते असताना छापून घ्या, आणि त्यांनाच विचारा, "रंग बरोबर आला का?"

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत उन्हात जपा, पाणी पीत राहा. येतो!